नोटीस लावली होती

२०२५ ची कोजागरी ६ ऑक्टोबरला, सोमवारी होती. गच्चीची किल्ली नेहमीप्रमाणे वॉचमन घेऊन गेला होता, त्यामुळे चंद्र बराच वर आल्यावर आम्ही गच्चीवर पोहोचलो. पातेल्याभोवती सगळे जमले तेव्हा सेक्रेटरीकाकांनी घसा खाकरला.

"ऑफिसात नवा कॉम्प्युटर आलाय. माझा भाचा बुधवारी येऊन सगळं लेटेस्ट टाकून देणार आहे."

टाळ्या पडल्या. माझ्या हातातलं मसाला दूध मात्र हातातच राहिलं. 'लेटेस्ट' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

त्याचं असं आहे, की सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचा प्रोग्राम मी लिहिलेला आहे. २०१३ साली, पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत, उत्साहाच्या भरात. भाषा फुकट आणि मीही फुकट. ओपन सोर्स भाषेचं हे एक दुखणं आहे. ती सगळ्यांची असते, तिची आतली वायरिंगसुद्धा कुणीही उघडून बघावी, पण बिघडलं तर फोन करून कुणाला झापायची सोय नाही. पैसेच दिलेले नसतात ना. माझी तीही सोय नाही. मी दुसऱ्या मजल्यावरच राहतो.

गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, वेळ जात नव्हता म्हणून, ही भाषा करायला घेतली. पुढे त्यांना गमतीने 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत. २०१८ मध्ये एका छोट्याशा चिन्हावरून झालेल्या वादाला कंटाळून त्यांनी ते पद सोडलं. हा किस्सा मी सेक्रेटरीकाकांना मुद्दाम दोनदा सांगितला आहे. उपयोग झालेला नाही.

मी लिहिलं ते पायथनच्या २.७ या आवृत्तीत. तेव्हा ३.० येऊन पाच वर्षं होत आली होती आणि जुनं सोडा, जुनं सोडा असं सगळे सांगत होते. पण २.७ ची मुदत आधी २०१५ होती, ती पायथनवाल्यांनी २०२० पर्यंत वाढवली. पाच वर्षं मुदतवाढ! आम्ही थकबाकीदारांनाही इतकी देत नाही. शेवटी १ जानेवारी २०२० ला शटर पडलं आणि मार्चमध्ये, घरात कोंडल्यावर, मी एकदाचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर आणला. नव्या आवृत्तीला 'प्रिंट' या आज्ञेपुढे कंस लागतात, ते टाकत गेलो, सगळं चालू झालं. बत्तीस फ्लॅटची बिलं व्हॉट्सअॅपवर गेली आणि दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या काकांचा फोन आला. ते बँकेतून निवृत्त झालेत.

"अरे, टँकरचे माझे चारशे त्रेपन्न रुपये साडेबारा पैसे काढलेस. बारा पैसे कुठूनतरी आणतो. वरचा अर्धा कुठे मिळतो?"

मी बिल काढून पाहिलं. टँकरचे चौदा हजार पाचशे, भागिले बत्तीस. आकडा खरंच ४५३.१२५ होता. जुन्या पायथनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश चिन्हापुढचं गुपचूप गळून जायचं. सात भागिले दोन, तीन! तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं, साडेतीन येऊ लागले. गणित म्हणून उत्तम. पण काका बँकेतले. त्यांनी फोन ठेवला नाही.

"म्हणजे आधी तू नुसते चारशे त्रेपन्न घेत होतास? गुणिले बत्तीस... चौदा हजार चारशे शहाण्णव. टँकरमागे चार रुपये कमी. ते कोण भरत होतं?"

ते खजिनदार भरत होते. मुकाट्याने, सात वर्षं, स्वतःच्या खिशातून, कारण हिशेब का जुळत नाही हे विचारायची त्यांना लाज वाटत होती. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. माझ्याकडे सगळ्यांनी फक्त पाहिलं.

एक मान्य करायला हवं. नव्या पायथनला आपली अक्षरं कळतात. चौथ्या मजल्यावरच्या आजी फॉर्ममध्ये रक्कम देवनागरीत टाकतात, '१८००' अशी, आणि तो बिनतक्रार तिचा अठराशे हा आकडा करून घेतो. आमच्या बँकेच्या काउंटरवर हे अजून झालेलं नाही.

तर तो फॉर्म. खरी गोची तिथे होती. लोकांनी भरलेली माहिती वाचायला मी पायथनसोबतच येणारं सीजीआय नावाचं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा आयता तुकडा, वापरलं होतं. पायथनची जुनी फुशारकी अशी, की आमच्या खेळण्यासोबत बॅटऱ्या येतात, वेगळ्या आणाव्या लागत नाहीत. पण तीस वर्षांत त्यातल्या काही बॅटऱ्या गंजल्या. मग त्यांनी एकोणीस मॉड्यूलं निवडली आणि आधी नोटीस लावली. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.११ पासून माझा प्रोग्राम सुरू झाला की काळ्या खिडकीत एक ओळ उमटायची: सीजीआय जुनं झालंय, ३.१३ मध्ये काढून टाकणार आहोत. दरवेळी. आवृत्तीच्या आकड्यासकट.

मी काय केलं? ती ओळ दिसू नये म्हणून प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: इशारे दाखवू नकोस. दिसायचं बंद झालं, शांत वाटलं. २०२४ च्या ऑक्टोबरात ३.१३ आलं, त्यांनी एकोणीसच्या एकोणीस भंगारात काढली, आणि ते मला कळलंही नाही, कारण ऑफिसातल्या जुन्या डब्यावर मी ३.११ च्या पुढे गेलोच नव्हतो.

बुधवारी संध्याकाळी खाली गेलो तर भाचा खुशीत होता.

"दादा, कालच रिलीज झालंय. तीन पॉइंट चौदा! पाय!"

"बावीस सप्तमांश," सेक्रेटरीकाका म्हणाले. शाळेतलं काहीतरी आठवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

भाचा पुढे सांगू लागला की आता पायथनमध्ये कुलपाशिवायची आवृत्तीही अधिकृत झाली आहे. म्हणजे असं: पायथनमध्ये एकच किल्ली असते. कामं कितीही जणांत वाटा, ज्याच्या हातात किल्ली तोच पुढे सरकणार, बाकीचे जिन्यात उभे. आमच्या गच्चीसारखंच. आता बिनकिल्लीची गच्ची मिळते, मात्र ती वेगळी मागून घ्यावी लागते. मला हे ऐकायला एरवी आवडलं असतं. पण माझी नजर स्क्रीनवर होती. तिथे लिहिलं होतं, सीजीआय नावाचं मॉड्यूल नाही.

"अरे, पण कालपर्यंत चालत होतं," काका म्हणाले. "न सांगता असं कसं काढून टाकतात?"

सांगितलं होतं, तीन वर्षं आधी, हे मी बोललो नाही.

मागे काकांच्याच हस्ताक्षरातली नोटीस फळ्यावर होती: 'जिन्याखालील सायकली दिवाळीपूर्वी हलवाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील. शेवटची सूचना.' तिच्याखाली गेल्या वर्षीची शेवटची सूचना होती. त्या सायकलींमधली एक माझी आहे.

शोधाशोध केल्यावर कळलं, की कुणा दयाळू माणसाने ते भंगारातलं सीजीआय उचलून, पुसूनबिसून 'लेगसी-सीजीआय' नावाने ठेवलंय. फुकटच. एका ओळीत ते बसवलं आणि फॉर्म उघडला. आजींचे '१८००' जमा झाले. टँकर बरोबर निघाला. साडेबारा पैशांचं मी तेव्हाच निस्तरलं होतं, वरचा पैसा गोल करून.

फक्त नव्या कॉम्प्युटरवर काम करताना, नीट करायचं म्हणून, मी ती 'इशारे दाखवू नकोस' काढून टाकली होती. प्रोग्राम सुरू झाला आणि खिडकीत एक ताजी ओळ आली: हा फॉर्म ज्या सर्व्हरवर चालतो तो प्रकारही जुना झाला आहे, ३.१५ मध्ये काढण्यात येईल. ३.१५ म्हणजे पुढचा ऑक्टोबर.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनजवळ वाकले.

"हे काय इंग्रजीत आलंय? काही बिघडलं का?"

"नाही काका. नोटीस आहे."

"नोटीस होय," ते म्हणाले आणि चष्मा खिशात टाकला. "मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं असेल."