गिटारची दुकानं बुडाली म्हणून मिरजेची सतार बुडत नाही

सांगली-मिरजेतल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. भजनी मंडळांच्या ग्रुपवर आला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, आमच्या दुकानदारांच्या ग्रुपवर तर रोज कुणी ना कुणी टाकतंच. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतली गिटार सेंटर ही वाद्यांच्या दुकानांची सगळ्यात मोठी साखळी दिवाळखोरीत गेली, शंभर वर्षांची सॅम ॲश बंद पडली, गिब्सनसारखी गिटार बनवणारी कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, म्हणजे जगात आता वाद्य कुणी वाजवत नाही. ऑनलाइननं दुकानं संपवली, ॲप आणि एआयनं वादक संपवले. मिरजेच्या सतारीला मिळालेलं जीआय (भौगोलिक मानांकन) म्हणजे मेल्यावर दिलेलं सर्टिफिकेट. तेव्हा पोरांना पेटी, तबला, गिटार घेऊन देऊ नका, ते पैसे दुसरीकडे लावा.

माझं सांगलीत वाद्यविक्री आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. हा मेसेज वाचून एका बाईंनी मुलीच्या तबल्यासाठी दिलेला ॲडव्हान्स परत नेला. पैसे मी लगेच दिले, प्रश्न पैशाचा नाही. मुलगी चांगली शिकत होती आणि तिचा तबला एका चुकीच्या माहितीमुळे अडला, याचं वाईट वाटतं. म्हणून एकेका मुद्द्याला सविस्तर उत्तर देतो.

पहिला मुद्दा गिटार सेंटरचा. दिवाळखोरीचा अर्ज झाला, हे खरं. पण कशामुळे झाला, ते मेसेजमध्ये कुठंच नाही.

हे दुकान १९५९ साली हॉलिवूडमध्ये सुरू झालं, तेव्हा तिथं घरगुती ऑर्गन विकले जायचे. पुढे गिटार आणि ॲम्प (आवाज मोठा करणारी यंत्रं) आले, नाव बदललं, देशभर शाखा निघाल्या. २००७ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीनं ती साखळी कर्जासकट सुमारे २.१ अब्ज डॉलरना घेतली. सगळी मेख इथं आहे. असल्या सौद्यात घेणारा स्वतःच्या खिशातून थोडे पैसे घालतो आणि बाकीचं कर्ज उचलतो. ते कर्ज चढतं मात्र विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर. म्हणजे दुकान विकलं गेलं आणि ते विकत घ्यायला काढलेल्या कर्जाचं व्याज गल्ल्यातून त्या दुकानानंच भरायचं. वर्षभरात अमेरिकेत मंदी आली. २०१४ मध्ये कर्ज देणाऱ्यांपैकी एरीस मॅनेजमेंट या कंपनीनं कर्जाच्या बदल्यात मालकी ताब्यात घेतली. ओझं थोडं हललं, उतरलं नाही. २०२० मध्ये कोव्हिडनं दुकानांचे दरवाजे बंद झाले, ऑक्टोबरमध्ये सुमारे साडेचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि नोव्हेंबरमध्ये कंपनी कोर्टात गेली. तेव्हा डोक्यावर सुमारे १.३ अब्ज डॉलर कर्ज होतं. कोव्हिडच्या आधी सलग दहा तिमाही विक्री वाढत होती, असं कंपनीनं स्वतः सांगितलं होतं. गिऱ्हाईक येत होतं, गल्ला भरत होता, आणि तो व्याजात जात होता.

दुसरी गोष्ट. तिथल्या कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली केलेला अर्ज म्हणजे दुकानाला कुलूप नव्हे. धंदा चालू ठेवून कर्ज देणाऱ्यांशी तडजोड करायची ती सोय आहे. गिटार सेंटर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यातून बाहेर आली, सुमारे ८० कोटी डॉलरचं कर्ज कमी करून. जवळजवळ तीनशे दुकानांची ती साखळी संपली नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं अर्जाची बातमी उचलली आणि महिनाभरानंतरची बातमी सोडून दिली.

‘वाद्य कुणी वाजवत नाही’ म्हणणाऱ्यानं तेच २०२० साल नीट बघावं. टाळेबंदीत घरी बसलेल्या लाखो लोकांनी गिटार हातात घेतली. १९४६ मध्ये सुरू झालेल्या फेंडर या गिटार कंपनीची तोवरची सगळ्यात मोठी विक्री त्याच वर्षी झाली. पुढे ती लाट ओसरली आणि भरून ठेवलेला माल पुष्कळांच्या गोदामात अडकला, हेही सांगायला हवं. पण लाट ओसरणं वेगळं आणि नदी आटणं वेगळं.

गिब्सनचं प्रकरण तर वाद्यांचं नव्हतंच. १९०२ ची ही कंपनी २०१८ मध्ये कोर्टात गेली, ती घरगुती ऑडिओ सामानाच्या धंद्यात हात घातल्यामुळे. २०१४ मध्ये फिलिप्सचा तो विभाग घेतला, त्यात कर्ज वाढलं. गिटारचा धंदा तेव्हाही कमावत होता. कोर्टातून बाहेर येताना कंपनीनं ऑडिओचा पसारा सोडला आणि गिटार ठेवली.

सॅम ॲशबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. ब्रुकलिनमध्ये १९२४ साली एका कुटुंबानं हे दुकान काढलं आणि पुढच्या पिढ्यांनी वाढवलं. मे २०२४ मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, त्यांनी उरलेली ४२ दुकानं बंद करायचं जाहीर केलं. गिऱ्हाईक ऑनलाइन गेलं, हे कारण मालकांनी स्वतः दिलं. मोठ्या जागांचं भाडं आणि मालात अडकलेला पैसा ऑनलाइनच्या दरांपुढे टिकला नाही. मला त्या कुटुंबाचं मनापासून वाईट वाटलं. एवढ्या जुन्या दुकानात नुसता माल नसतो, माणसं असतात.

पण म्हणून ‘ऑनलाइननं दुकानं संपवली’ हे सरसकट विधान होत नाही. अमेरिकेतली स्वीटवॉटर बघा. १९७९ मध्ये एका व्हॅनमधल्या रेकॉर्डिंग स्टुडिओपासून सुरुवात झाली, फोर्ट वेन या मध्यम शहरात तिचा मुक्काम आहे, आणि २०२० मध्ये तिची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ती बहुतेक सगळा माल ऑनलाइनच विकते. पण प्रत्येक गिऱ्हाइकामागे तिथं एक ठरलेला, वाद्यातलं कळणारा माणूस असतो, तो स्वतः फोन करतो, आणि गिटार पाठवण्याआधी तपासली जाते. जर्मनीत थोमान आहे. १९५४ पासून बव्हेरियातल्या ट्रेपेनडॉर्फ नावाच्या खेड्यात. शाखा काढत बसले नाहीत, एकाच जागी मोठं दुकान, गोदाम आणि दुरुस्तीचं वर्कशॉप उभारलं आणि तिथून युरोपभर माल पाठवतात. म्हणजे टिकायचं की नाही, ते ऑनलाइन-ऑफलाइनवर ठरत नाही. खोकं गेल्यावर गिऱ्हाइकाचं काय होतं याची काळजी कोण घेतं, त्यावर ठरतं.

याचं उदाहरण माझ्या टेबलावर दर महिन्याला येतं. घरपोच आलेली नवी गिटार, आठवी-नववीतला मुलगा, आणि वडिलांची तक्रार, ‘पंधरा दिवसांत कंटाळला हो.’ मी गिटार आडवी धरून बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या बाराव्या पडद्यापाशी) बघतो. तार आणि पट्टी यांच्यात चांगलं पाच-सहा मिलिमीटर अंतर. तिथं अडीचच्या आसपास हवं. एवढी उंच तार दाबताना मोठ्या माणसाचं बोट दुखेल, पोराचं काय होणार! ट्रस रॉडला, म्हणजे मानेतल्या सळीला, किल्लीनं पाव फेरा देतो, सॅडल (तारा टेकतात ती खालची पट्टी) काढून खालून घासतो, नटच्या (वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा बघतो, नवी तार चढवतो. तासाभराचं काम. मुलगा तिथंच बसून एफ कॉर्ड धरतो आणि पहिल्यांदा सहाही तारा स्वच्छ वाजतात. तो कंटाळलेला नव्हता. त्याला वाद्य न लावताच दिलं होतं.

साखळ्यांची आणखी एक अडचण आहे, तिच्यावर कुणी बोलत नाही. चांगलं वाद्य संपत नाही. फोन तीन-चार वर्षांत बदलतो, चपला वर्षात झिजतात, पण बरी गिटार चाळीस वर्षं वाजते आणि हातोहात फिरते. जुनी वाद्यं विकायला शिकागोत २०१३ मध्ये रिव्हर्ब नावाची वेबसाइट निघाली, ती २०१९ मध्ये एट्सी या ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीनं साडेसत्तावीस कोटी डॉलरना घेतली, यावरून त्या बाजाराचा आवाका कळेल. साखळीनं वीस वर्षांपूर्वी विकलेला माल आज तिच्याच नव्या मालासमोर उभा राहतो. दर तिमाहीला वाढती विक्री दाखवायचं बंधन असलेल्या कंपनीला हे जड जाणारच. वाद्य वाजवणाऱ्याला मात्र हीच गोष्ट फायद्याची.

आपल्याकडे तर साखळी नव्हतीच कधी. सांगली जिल्ह्यातला वाद्यांचा धंदा उभा आहे तो दुरुस्तीवर आणि सणावारावर. आषाढीच्या आधी पखवाजाची पानं आणि टाळांच्या दोऱ्या, गणपतीच्या आधी ढोलाची पानं, परीक्षेच्या आधी तबल्याच्या पुड्या (वरची कातडी), पावसाळ्यात पेटीचे अडकलेले सूर. ज्या गावात महिन्याची एकादशी आहे, त्या गावात पेटीचा भाता फाटतो आणि तो कुणाला तरी चिकटवावाच लागतो. हे काम खोक्यातून येत नाही.

आता ॲप आणि एआय. हा वाद आपल्याकडे जुना आहे. बंगळूरच्या रॅडेल या कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ चा. तेव्हापासून रियाजाच्या खोलीतून लाकडी तंबोरा बराचसा गेला, आता ती इलेक्ट्रॉनिक पेटीही जाऊन मोबाईल आला. याचा फटका मिरजेला बसला, ते मी नाकारणार नाही. शिकाऊ विद्यार्थी घ्यायचा ती साधी तंबोऱ्याची जोडी आता क्वचित खपते. पण मैफलीत गाणारा माणूस अजून मागे दोन तंबोरे घेऊन बसतो, आणि त्याला कारण आहे.

मिरजेत कारागिराला जवारी काढताना, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज जुळवताना, एकदा जवळून बघा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो, पण त्याला फार हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते, म्हणून एका छेडीतून स्वरांची सगळी मालिका उमलते. कारागीर कानस एक-दोनदाच फिरवतो, तार परत चढवतो, कान लावतो, पुन्हा उतरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर पुढं गेला तर आवाज मिटतो, केसभर मागं आला तर झणझणतो, आणि मधे एका जागी तंबोरा बोलायला लागतो. ती जागा काळी एक या सुराला वेगळी, काळी चारला वेगळी, त्या गायकाच्या गळ्याप्रमाणे वेगळी. चांगल्या ॲपमध्ये जो आवाज असतो तो अशाच कुणीतरी जुळवलेल्या खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग असतं. एआयबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की गाणं तयार मिळालं म्हणून गायची इच्छा मरत नाही. रेडिओ आला तेव्हाही मेली नव्हती.

राहिली मिरज. दीडशेहून जास्त वर्षांचा हा धंदा. शस्त्रं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं सतार-तंबोऱ्याला हात घातला आणि घराणं सतारमेकर झालं. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच गाणं शिकले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर त्यांना मिरासाहेब दर्ग्यात दफन केलं, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात आजही गायक-वादक हजेरी लावतात. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राजाश्रय गेला, तरी सतार राहिली. कारण ती वादकांच्या ऑर्डरवर चालत होती. कुठल्या साखळीच्या शोरूमवर नव्हे, की अमेरिकेतली शोरूम बंद झाली तर मिरजेची कानस थांबावी.

मिरजेची दुखणी आहेत आणि ती वेगळी आहेत. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, वर्षातून एकदाच, आणि वाळायला महिने लागतात. मोठा, एकसारखा, जाड सालीचा भोपळा मिळणं पावसावर आहे. तुणीचं चांगलं लाकूड महाग झालंय. नक्षी, खुंट्या, पडदे, जवारी असं महिनोन्‌महिने काम करून कारागिराच्या हातात जे पडतं, त्यापेक्षा एमआयडीसीत पोराला जास्त मिळतं. पोरं का सोडतात, ते यावरून कळतं. यावर बोला, मी तुमच्यासोबत आहे. यात ‘लोक वाजवत नाहीत’ कुठं येतं?

जीआयला मेल्यावरचं सर्टिफिकेट म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये ते मिळालं. १९९९ च्या कायद्यानं आता दुसरीकडे बनवलेलं वाद्य मिरजेचं म्हणून विकणं गुन्हा आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि वाढवता येते. त्यानं विक्री आपोआप होत नाही, हे कबूल. शिवाय प्रत्येक कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवायचं असतं, नाहीतर हक्क कागदावर राहतो. ओळखीचा कुणी सतारमेकर असेल तर त्याला अर्ज भरायला मदत करा. मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा त्यात जास्त वेळ जातो, पण उपयोग होतो.

शेवटचा मुद्दा पोरांवरच्या पैशाचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं घर मिरजेतच, ब्राह्मणपुरीत आहे, आणि प्रारंभिकपासून विशारदपर्यंत त्यांच्या परीक्षांना देशभरातून मुलं बसतात. शास्त्रीय कलेच्या ठरलेल्या परीक्षा पास केल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात, हेही पालकांना माहीत असतं. मुलाला नवीन घेऊन द्यायची ऐपत नसेल तर जुनी पेटी घ्या, आधी कुणाला तरी दाखवून. जुना तबला चालतो, पुडी बदलता येते. आणि सतार किंवा तंबोरा घ्यायचा असेल तर फोटोवरून घेऊ नका. मिरजेत या, सतारमेकरसमोर बसा, आपली पट्टी (गायचा मूळ सूर) सांगा, जवारी आपल्या देखत लावून घ्या, आणि पावतीवर बनवणाऱ्याचं नाव लिहून मागा.