मुख्याध्यापकांच्या धाकाने शाळा चालते?

शाळा सुरू झाल्या की आमच्या रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘मुख्याध्यापक कडक असला की शिक्षक सरळ राहतात, म्हणूनच कोकण बोर्ड पहिलं येतं. शिक्षकांना मोकळं सोडणारा साहेब हवा असतो. चांगल्या शिक्षकाची तक्रारच नसते.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी निकाल. दहावीला कोकण विभाग २०२४ मध्ये ९९.०१ टक्के आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के घेऊन राज्यात पहिला आला. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कडक, मवाळ, सगळ्याच मुख्याध्यापकांच्या शाळा त्या आकड्यात आहेत. जिथे जवळपास सगळेच पास होतात, तिथे श्रेय एकट्या धाकाला कसं देणार?

धाकाने शिक्षक सरळ राहतात म्हणे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा १९३९ सालचा प्रयोग दहा वर्षांच्या मुलांवरचा, पण बोलका आहे. हुकूम सोडणारा नेता खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम थंडावायचं. विचारून चालणाऱ्याच्या गटाचं चालू राहायचं. मुख्याध्यापक तालुक्याला सभेला गेल्यावर काय होतं, ते आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे.

खरी चीड येते ती ‘मोकळं सोडणारा’ या शब्दांची. जुलैतली दुपार. पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी साकवाला लागायला आलंय, पलीकडच्या वाडीतली मुलं वर्गात आहेत. एक हेडसर म्हणतात, ‘वरून आदेश नाही.’ दुसरे म्हणतात, ‘तुम्हीच बघा काय ते.’ तिसरे त्या वाडीतून येणाऱ्या बाईंना विचारतात, ‘बाई, पाणी कुठवर चढलंय?’ लगेच मुलं सोडतात, सोबत एक शिक्षक देतात आणि सूचना वहीत निर्णय स्वतःच्या सहीने लिहितात. आम्ही नाव काढतो ते या तिसऱ्यांचं. उशिरा आलं तर तेही बोलतात, चांगलंच बोलतात, पण ऑफिसात. मुलांदेखत झापणाऱ्याचा राग येतो, कडकपणाचा नाही.

राहिली तक्रार. शिक्षकाच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिणार मुख्याध्यापकच, रजेवर सही करणार तेच. सभेत उठून बोलणार कोण? शिक्षकांचं मत खरंच हवं असेल तर नाव न लिहिता, लेखी घ्या, आणि तेही अहवाल भरून झाल्यावर.