उंटावर बसण्यापूर्वी

उंटावरून शेळ्या हाकायच्या तर आधी उंट चांगला बघावा. आमची शिफारस युरोपातल्या अपंगत्व धोरणाच्या उंटाची. युरोपीय आयोगाने पंधरा-वीस वर्षांपूर्वी या कामासाठी विद्वानांचं जाळंच विणलं. लीड्स विद्यापीठाचे अभ्यासक त्यात पुढे होते. देशोदेशीच्या तज्ज्ञांनी आपापल्या देशाचा अहवाल लिहायचा, मग सगळ्या अहवालांचा मिळून एक अहवाल. उंट बसका आहे, पण चारा नियमित मिळतो.

या जाळ्यात शिरायचंय ना? मग अपंग कोण, हे कधी एकदाचं ठरू देऊ नका. जर्मनीत अपंगत्व दहा-दहाच्या पायऱ्यांनी मोजतात आणि 50 झाले की 'तीव्र अपंग' म्हणून कार्ड देतात. ऱ्हाइन ओलांडून स्ट्रासबुर्गला घर केलंत की फ्रेंच तक्ता लागू. पाय तोच, मोजणी नव्याने. (सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर 40 टक्क्यांसाठी दिवस काढलेल्यांना इथे अगदी घरच्यासारखं वाटेल.) आता सगळ्या युरोपीय संघासाठी एकच कार्ड येतंय. कायदा 2024 चा, अंमल जून 2028 पासून, तोही मुख्यतः थोड्या दिवसांच्या मुक्कामापुरता. बिऱ्हाड हलवलंत तर पुन्हा रांगेत.

पण खरी कला मोजदादीची. युरोपभर घरोघरी विचारतात: गेले किमान 6 महिने तब्येतीमुळे नेहमीच्या कामांवर किती मर्यादा आली? खूप, थोडी की अजिबात नाही? साधारण चारातला एक प्रौढ 'खूप' किंवा 'थोडी' म्हणतो. आता 'घरोघरी' हा शब्द नीट वाचा. ज्यांची सोय सरकारने संस्थेत लावली, त्यांच्या खोलीवर कुणी टकटक करत नाही. ती खोली म्हणजे घर नव्हे. तेव्हा एखाद्या देशाला आकडा सुधारायचा असेल तर बेधडक सांगा, ज्यांना 'खूप' मर्यादा आहे त्यांना संस्थेत हलवा. सर्वेक्षणापुरते ते ठणठणीत! आपण कुठे आणि कुणासोबत राहायचं हे अपंग माणसानेच ठरवायचं, असं संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं 19 वं कलम म्हणतं. त्याच्या रकान्यात 'आकडेवारी उपलब्ध नाही' असं लिहून मोकळं व्हा. काही भाबड्या अभ्यासकांनी ही भानगड अहवालांतून पुन्हा पुन्हा मांडली. त्यांचे अहवाल फार निगुतीने जपून ठेवलेत.

मुदती देताना हात सैल ठेवा. यंत्रं आणि सेवा अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून युरोपीय संघाने केलेला सुगम्यतेचा कायदा 2019 चा, लागू झाला 28 जून 2025 ला. त्याआधी बसवलेलं तिकिटाचं यंत्र मात्र, देशाची हरकत नसेल तर, 20 वर्षांपर्यंत तसंच चालेल. यंत्रापुढे उभे राहून बघा: सपाट काच, एकही उठावदार बटण नाही. आंधळ्याच्या बोटाला सगळं सारखंच गुळगुळीत. चाकाच्या खुर्चीतल्या बाईचा हात जेमतेम खालच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. तिथे लिहिलेलं असतं, 'रद्द करा'.

राहता राहिली सल्लामसलत. अपंगांना विचारल्याशिवाय धोरण करू नये असं करारातच आहे, त्यामुळे बोलवावं लागतं. बोलवा. जेवणानंतरचं सत्र द्या, निम्मा हॉल पेंगत असतो. त्यांच्यापैकी कुणी म्हणालंच, की आम्हालाही वर बसू द्या, उंटाला रॅम्प लावा, तर नम्रपणे सांगा: उंट 28 जून 2025 च्या आधीचा आहे.