खुलासा : इंग्रजीतील प्रत्येक प्रश्नाला 'डू, डज, डिड' लागत नाही

मुंबईतील पालकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, इंग्रजीतील प्रत्येक प्रश्नात 'डू', 'डज' किंवा 'डिड' आलेच पाहिजे आणि म्हणून 'हू ब्रोक द ग्लास?' हा प्रश्न चुकीचा आहे. हे खरे नाही.

प्रश्नार्थक शब्द स्वतःच कर्ता असेल, तर क्रियापद विधानातल्यासारखेच राहते. रेमंड मर्फी यांच्या १९८५ साली प्रथम प्रकाशित झालेल्या 'इंग्लिश ग्रामर इन यूज'मध्येही हाच नियम दिलेला आहे. दादर स्थानकावर 'व्हिच ट्रेन गोज टू विरार?' असे विचारणारा प्रवासी बरोबरच बोलतो, कारण तिथे कर्ता 'व्हिच ट्रेन' हाच आहे. मात्र 'व्हेअर डज धिस ट्रेन गो?' या प्रश्नात कर्ता 'धिस ट्रेन' असल्याने 'डज' लागते आणि 'गोज'चे 'गो' होते. (मुले बहुधा इथेच अडखळतात आणि 'डज'नंतरही 'गोज' लिहितात.) 'इज', 'कॅन', 'विल' यांपैकी काही वाक्यात आधीच असेल, तर तेच कर्त्याआधी येते: 'कॅन यू स्विम?'

'हू डिड ब्रेक द ग्लास?' हेही अशक्य नाही, पण 'मग फोडली तरी कोणी?' असा जोर द्यायचा असेल तेव्हाच.

संदेशामागचा हेतू मदतीचाच असावा. तरीही तो पुढे पाठवू नये आणि आधीच पाठवला असल्यास त्याच समूहात हा खुलासा द्यावा, ही विनंती.