ब्राझीलचं लाकूड, नाशिकची बादली

नवीन फ्लॅटची चावी हातात पडली आणि नवरा खाली मान घालून चालायला लागला. कुणाकडेही गेलो की यजमानांच्या आधी त्यांची जमीन बघायची. शेवटी एकदाचा निकाल लागला: टाइल्स सगळेच लावतात, आपल्या हॉलला एक्झॉटिक हार्डवुड. धाकट्या दिरांचा कॉलेज रोडवर दातांचा दवाखाना होत होता, त्यांनाही यात ओढलं. दोन्हीकडचं एकदम घेतलं की भाव पडतो, हा आमच्या घराण्याचा लाडका सिद्धांत.

गंगापूर रोडच्या शोरूममध्ये सासूबाईही आल्या. त्या पंचवटीतल्या वाड्यात वाढलेल्या. सागाच्या तुळया, तक्तपोशी, त्यावर मातीचा थर आणि शेणाने सारवलेली माडी. लाकडातलं आपल्याला कळतं असा त्यांचा दावा आहे, आणि तो खोटा नाही.

सेल्समन पोरगा चुणचुणीत होता. त्याने ब्राझिलियन चेरीची पट्टी पुढे केली. लालसर तपकिरी, बघताक्षणी आवडावी अशी. उजेडाने रंग आणखी गडद होतो म्हणाला. हिचं खरं नाव जटोबा, चेरीच्या झाडाशी नातं नाही. शेजारचं ब्राझिलियन वॉलनट म्हणजे इपे, तेही अक्रोड नव्हे.

"मग खऱ्या नावाने विकायला लाज वाटते का रे?" सासूबाईंनी विचारलं.

पोराने घाईघाईने विषय जांका चाचणीवर नेला. सव्वाअकरा मिलिमीटरची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतेपर्यंत दाबायची आणि किती जोर लागला ते मोजायचं. गॅब्रिएल जांका नावाच्या माणसाने 1906 मध्ये हे काढलं. लाल ओकला 1290, जटोबाला 2350, इपेला साडेतीन हजारांच्या आसपास.

"आणि सागाला?"

"सागाला... हजार-अकराशे, काकू."

सागाला पास होण्यापुरते मार्क! सासूबाईंचा चेहरा बघवेना. खरं तर जांका मोजतो तो निव्वळ टणकपणा. सागाच्या अंगातलं तेल, वाळवीला न जुमानणं, पावसाळ्यात फारसं न फुगणं, याचे गुण तो देतच नाही. पण हे समजावणार कोण? पुढच्या खेपेला त्यांच्या पिशवीतून पितळी बत्ता निघाला. "गोळी कशाला? घरात हेच पडतं." कमरेइतक्या उंचीवरून त्यांनी तो आधी ओकवर सोडला, मग जटोबावर. ओकला चांगला पोचा पडला. जटोबावर नखाच्या टोकाएवढी खूण. सासूबाईंनी अंगठा फिरवून बघितला आणि "हं" म्हणाल्या. पोराने ओकचा नमुना गुपचूप मागच्या रांगेत सरकवला.

इपेवर नवऱ्याचा फार जीव होता. ते 2024 पासून धोक्यातल्या झाडाप्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, कागदपत्रांशिवाय देशाची हद्द ओलांडत नाही, हे कळल्यावर तो आणखीच वाढला. सासूबाईंचा पासपोर्ट अजून व्हायचा आहे.

मग पथ्यं सुरू झाली. लाकूड बसवण्याआधी काही दिवस खोलीतच ठेवायचं, घरातली हवा त्याला मानवू द्यायची. भिंतीलगत फट सोडायची, कारण पावसाळ्यात ते फुगणार आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसणार. आणि पुसायचं कसं? घट्ट पिळलेल्या फडक्याने. पाणी साचू द्यायचं नाही.

इथे मी मान वर केली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फडकं पिळत नाहीत. त्या फिनेलची बादली ओततात आणि मग जमिनीवरचं पाणी दाराकडे हाकलत नेतात. त्यातून 2027 चा सिंहस्थ. रामकुंडावर बुडी मारून ओल्या धोतरांनी हॉलमध्ये शिरणाऱ्या नातेवाइकांना जांकाचे आकडे कोण सांगणार?

दिरांनी दवाखान्याला मुकाट्याने विनाइल घेतलं; तिथे रोज जंतुनाशकाने पुसावं लागतं. आमच्या हॉलला टाइल्स बसल्या. नवऱ्याचं तोंड इतकं उतरलं की शेवटी टीव्हीमागची भिंत तेवढी जटोबाने मढवली. चौरस फुटाचा भाव मी इथे लिहीत नाही, सासूबाईंना कमी करून सांगितलाय.

आलेल्या प्रत्येकाला नवरा ती भिंत दाखवतो. टकटक वाजवतो, 2350 चा आकडा सांगतो. कुणी या भिंतीवरून चाललंच, तर पोचा म्हणून पडायचा नाही.