होकायंत्र आणि सागरी नकाशा : एका दाव्याविषयी खुलासा

‘होकायंत्राची सुई थेट उत्तर ध्रुवाकडे रोखलेली असते, त्यामुळे सागरी नकाशावर मोजलेला कोन तसाच होकायंत्रावर धरून जहाज हाकावे,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

सुई त्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिरावते. ही दिशा आणि खरी उत्तर यांतील फरक, म्हणजे दिक्पात, जागेनुसार वेगळा असतो आणि वर्षागणिक बदलतो. म्हणूनच नकाशावरील दिशाचक्रात बाहेरचे वर्तुळ खऱ्या उत्तरेचे, आतले चुंबकीय उत्तरेचे असते आणि मध्यभागी दिक्पात, त्याचे वर्ष व वार्षिक बदल छापलेला असतो. जुना नकाशा वापरताना हा बदल हिशेबात घ्यावाच लागतो.

दुसरी चूक जहाजाच्या स्वतःच्या लोखंडामुळे आणि विद्युत उपकरणांमुळे येते. ती जहाजाच्या तोंडाच्या दिशेप्रमाणे बदलते, म्हणून तिचा वेगळा तक्ता जहाजावर ठेवतात. (होकायंत्राशेजारी ठेवलेला मोबाइलही सुई हलवतो, हे अनेकांच्या गावीही नसते.)

समजा, नकाशावरील खरा मार्ग ०९०° आहे, दिक्पात १२° पश्चिम आहे आणि जहाजाची चूक ३° पूर्व आहे. पश्चिमेचा फरक मिळवायचा व पूर्वेचा वजा करायचा, म्हणजे होकायंत्रावर ०९९° धरावे लागतात. त्याऐवजी ०९०° धरल्यास, वारा आणि प्रवाह नसतानाही, ६० सागरी मैलांनंतर जहाज ९ मैलांहून अधिक उत्तरेला भरकटलेले असेल.