मेलव्हिलची स्वतःची टीप

नमस्कार. हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी-डिक’ या देवमाशाच्या शिकारीवरच्या कादंबरीची सटीप आवृत्ती वाचल्याचं मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता की टिपा म्हणजे धडधाकट कादंबरीला दिलेल्या कुबड्या. हव्या असत्या तर मेलव्हिलनेच लिहिल्या नसत्या का?

लिहिल्यात की हो! बहात्तरावं प्रकरण काढा. जहाजाच्या कडेला बांधलेल्या मेल्या देवमाशाच्या निसरड्या पाठीवर भालाफेक्या क्वीक्वेग, भोवती शार्क, आणि त्याच्या कमरेची दोरी वर, गोष्ट सांगणाऱ्या इश्माएलच्या कमरेला. एक गेला की दुसराही गेला. पानाच्या तळाशी मेलव्हिल स्वतः सांगतो, अशी दोरी देवमाशांची शिकार करणाऱ्या सगळ्याच जहाजांवर असते. पण वरच्या माणसालाही तिच्यात बांधायचं फक्त याच जहाजावर, त्याने गाफील राहू नये म्हणून.

विसाव्या वर्षी ही टीप मी ओलांडून गेलो होतो. यंदा जूनमध्ये मासेमारी बंद, होड्या झापांखाली, वीज गेलेली, आणि मी तिथेच अडकलो. आमच्या मालवणात रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं, ओढतात तेव्हा किनाऱ्यावर दोन दोरांना दोन तांडे लागतात. एका बाजूने हात सैल सोडला तर दुसऱ्या बाजूचा घामही फुकट. लहानपणापासून बघतोय, पण त्या टिपेपर्यंत हे आणि ते कधी जोडलं नव्हतं.

दुसरी टीप संपादकाची. १८५१ च्या ऑक्टोबरात लंडनला ही कादंबरी ‘द व्हेल’ नावाने तीन खंडांत आली, तेव्हा उपसंहारच गळला होता. इश्माएल जिवंत राहतो हे कळतं ते त्या एका पानात! तिकडच्या काही समीक्षकांनी मग विचारलं, सगळे बुडाले तर गोष्ट सांगतोय कोण? नोव्हेंबरच्या न्यूयॉर्कच्या आवृत्तीत ते पान होतं. हे मला नुसत्या मजकुरावरून कुठून कळणार?

तुमचं एक मात्र खरं. प्रस्तावनेतच शेवट फोडतात, त्याची मलाही चीड येते. आणि बायबलच्या प्रत्येक उल्लेखाच्या टिपेवर थांबलो असतो तर नारळी पौर्णिमा उजाडली असती. त्या बऱ्याचशा सोडल्या. पहिलं वाचन टिपांशिवायच करावं.

तुमचं पहिलं वाचन अजून व्हायचं असेल तर पत्ता कळवा, माझी जुनी प्रत पाठवतो. पावसाने शेवटची पानं फुगलीत, पण उपसंहार शाबूत आहे.